गिझरचा थर्मोस्टॅट बदलणे आणि त्याला टायमर जोडणे : घरच्या घरी, पण जपून

सोलापुरात खोली गरम करण्याची वेळ कुणावर येत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उलटच प्रश्न पडतो. त्यामुळे घरात तापमान सांभाळणारी जी वस्तू आपण हाताळू शकतो ती बहुधा एकच, न्हाणीघरातला गिझर. बंब गेले, त्यांच्या जागी 15 किंवा 25 लिटरच्या टाक्या आल्या, आणि त्यांच्या पोटातला थर्मोस्टॅट बोअरच्या क्षाराच्या पाण्याने काही वर्षांत हात टेकतो. तो बदलायचाच आहे तर त्याच बैठकीत गिझरला आठवड्याचे वेळापत्रक पाळणारा टायमरही लावता येतो. हा लेख साठवणीच्या 2 किलोवॅट गिझरसाठी आहे. भिंतीवरच्या 3 लिटरच्या इन्स्टंटसाठी नाही आणि गॅस गिझरसाठी तर अजिबात नाही.

आधी एक गोष्ट पक्की करा. पाणी किती तापवायचे हे थर्मोस्टॅट ठरवतो. कधी तापवायचे हे टायमर ठरवतो. एकाचे काम दुसऱ्यावर टाकले की अपघात होतात. बाजारात ‘थर्मोस्टॅट खराब झालाय, डायरेक्ट करून देतो’ असे सहज म्हटले जाते. डायरेक्ट करणे म्हणजे थर्मोस्टॅट किंवा कटआउट (पाणी फार तापले तर वीज तोडणारा सुरक्षा स्विच) वगळून फेज, म्हणजे जिवंत तार, सरळ कॉइलला जोडणे. अशा गिझरला टायमर लावला तर ठरल्या वेळेपर्यंत कॉइल तापतच राहते, पाणी उकळते, आणि सुरक्षा व्हॉल्व्ह क्षाराने अडकलेला असेल तर टाकी फुटू शकते. गिझर कुणी आधीच डायरेक्ट केलेला आढळला, तर बाकी काही करण्याआधी तो मूळ जोडणीवर आणा.

दोष खरोखर थर्मोस्टॅटचाच आहे का?

भाग आणायला धावण्याआधी लक्षणे पाहा. बहुतेक गिझरवर दोन दिवे असतात. एक वीज आली की लागतो, दुसरा कॉइल चालू असेल तेव्हाच. पाणी गार आहे, पहिला दिवा लागतो आणि दुसरा लागत नाही, तर दोष थर्मोस्टॅटचा किंवा कटआउटचा. दुसराही लागतो पण पाणी तापत नाही, तर कॉइल गेली. एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) लगेच पडतो, तर कॉइल शॉर्ट आहे किंवा टर्मिनलवर पाणी उतरले आहे. आरसीसीबी (विजेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडतो, तर कॉइलच्या आवरणाला चीर जाऊन वीज पाण्यात आणि तिथून अर्थिंगला जात आहे. या शेवटच्या दोन दोषांत नवा थर्मोस्टॅट काहीच बदलत नाही.

उलट बाजूचे लक्षण जास्त गंभीर असते. नळातून वाफ येणे, टाकीतून खदखद ऐकू येणे, व्हॉल्व्हमधून गरम पाणी सतत ठिबकणे, कटआउट वारंवार पडणे, यांतले काही दिसले तर थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू वितळून चिकटले आहेत असे समजा आणि दुरुस्ती होईपर्यंत गिझर बंद ठेवा.

कटआउट हा थर्मोस्टॅटचा राखणदार. थर्मोस्टॅटने आपले काम केले नाही तर बऱ्याच वरच्या तापमानाला तो फेज तोडतो. अनेक मॉडेलांत त्याला एक छोटे बटण असते. ते एकदा दाबून बघायला हरकत नाही. पण दोन दिवसांत ते पुन्हा उडाले, तर बटण दाबत बसू नका. ते का उडते आहे ते शोधा.

पक्की खात्री मल्टिमीटरने होते, आणि ती वीज पूर्ण बंद असतानाच करायची. कॉइलच्या दोन टोकांमधला रोध मोजा. 230 व्होल्टवर 2000 वॅटच्या कॉइलचा रोध 26 ओहमच्या आसपास येतो, 1500 वॅटचा सुमारे 35. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली आहे. कॉइलचे टोक आणि टाकीची धातू यांच्यात मात्र मीटरने अनंतच दाखवले पाहिजे. काही शे किलोओहम जरी दिसले तरी गळती आहे. ते काम मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) असलेल्या वायरमनला द्या. शेवटी पाणी गार असताना थर्मोस्टॅटच्या दोन टर्मिनलांमध्ये शून्याजवळ रोध यायला हवा. तिथे अनंत आले तर थर्मोस्टॅट गेला.

नवा भाग घेताना

घरगुती गिझरमध्ये तीन जाती सापडतात. सर्वांत सोपी दांडीची. कॉइलच्या पाट्यातच (कॉइल जिच्यावर बसवलेली असते त्या धातूच्या थाळीत) एक बंद नळी टाकीत गेलेली असते आणि थर्मोस्टॅटची दांडी त्या कोरड्या नळीत घुसवलेली असते. दांडीच्या बाहेरची पितळी नळी उष्णतेने वाढते, आतली इन्व्हार या मिश्रधातूची सळई जवळजवळ वाढत नाही. या फरकाने आतला स्विच ओढला जातो. दुसरी जात केशनळीची. टाकीच्या खोबणीत एक छोटा द्रवभरला बल्ब असतो आणि तिथून केसासारखी बारीक तांब्याची नळी स्विचपर्यंत येते. बाहेर फिरवायची कळ असलेल्या गिझरमध्ये बहुधा हीच असते. तिसरी जात म्हणजे टाकीच्या पत्र्याला टेकलेली नाण्याएवढी चकती. तिचे तापमान कारखान्यातच ठरलेले असते.

नवी पेठेत किंवा तुमच्या भागातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाताना जुना भाग सोबत न्या आणि गिझरच्या लेबलचा फोटोही ठेवा. दांडीची लांबी जुळली पाहिजे. 7 इंची आणि 11 इंची दांड्या सर्रास मिळतात. लांब दांडी बसतच नाही. आखूड बसते, पण चुकीच्या जागचे तापमान वाचते. त्यावर 16 अँपिअर किंवा अधिक लिहिलेले असावे. 2 किलोवॅटचा गिझर साधारण 8.7 अँपिअर ओढतो, पण संपर्कबिंदू रोज उघड-मिट करतात, त्यांना हा मोकळेपणा लागतो. तापमानाची वरची मर्यादा जुन्यापेक्षा जास्त असलेला भाग ‘हा चांगला तापवतो’ म्हणून घेऊ नका. केशनळी जुन्यापेक्षा आखूड नसावी. ती ताणून पुरवता येत नाही.

सोबत लागतात : मल्टिमीटर, इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, 2.5 चौरस मिमी तारेचे चार-सहा लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोके) आणि ते दाबायचे क्रिंपिंगचे हत्यार, चिकटपट्टी, खुणा करायला एक पेन. गिझरच्या आतली तार कडक होऊन तडकली असेल तर तिथे साधी पीव्हीसी तार वापरू नका, उष्णता सोसणारी सिलिकॉनच्या आवरणाची घ्या. गिझर वॉरंटीत असेल तर झाकण उघडूच नका.

थर्मोस्टॅट बदलण्याचा क्रम

1. गिझरचा एमसीबी पाडा, स्विच बंद करा, प्लग असेल तर काढून हाताशी ठेवा. एमसीबीवर चिकटपट्टी मारा. घरातले दुसरे कुणी ‘लाइट गेली वाटतं’ म्हणून तो वर करते, हा अपघाताचा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

2. गिझरला येणारा पाण्याचा कॉक बंद करा आणि गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडा. पाणी कोमट होईपर्यंत थांबा. टाकी भरलेली असेल तर तास-दोन तास सहज लागतात. दांडी आणि बल्ब कोरड्या नळीत असल्याने टाकी रिकामी करावी लागत नाही. कॉइलचा पाटा मात्र खोलू नका, तो खोलला की 25 लिटर पाणी अंगावर येते.

3. खालचे झाकण काढा. दोन ते चार स्क्रू असतात. एखादा स्टिकरखाली लपलेला असतो. झाकण ओढताना आतल्या दिव्यांच्या तारा ताणल्या जाणार नाहीत असे धरा.

4. आता मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या तपासा. तिन्ही शून्य हवेत. मीटर चालू आहे याची खात्री आधी आणि नंतर एखाद्या जिवंत सॉकेटवर करा. नुसत्या निऑन टेस्टरवर विसंबू नका. त्यातला दिवा उजेडात दिसत नाही, आणि चुकून न्यूट्रल तोडणारा स्विच असेल तर कॉइलपर्यंत फेज तसाच उभा असतो.

5. प्रत्येक जोडाचा जवळून फोटो काढा, तारांना पट्ट्या चिकटवून क्रमांक घाला. सर्वसाधारण वाट अशी : फेज आधी कटआउटमध्ये, तिथून थर्मोस्टॅटमध्ये, तिथून कॉइलच्या एका टोकाला, कॉइलचे दुसरे टोक न्यूट्रलला, हिरवी तार टाकीच्या धातूला. काही मॉडेलांत कटआउट दोन्ही तारा तोडतो. तुमच्या गिझरमध्ये जे आहे तेच परत जोडायचे, आकृतीत सुधारणा करायची नाही.

इथे रंगांचा सापळा आहे. गिझरच्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ असते. जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये मात्र लाल, पिवळी, निळी या तिन्ही फेजच्या तारा असतात आणि न्यूट्रल काळी. म्हणजे एकीकडची निळी निरुपद्रवी आणि दुसरीकडची निळी जिवंत असू शकते. रंगावर जाऊ नका, मोजा.

6. तारा सोडवा, दांडी सरळ रेषेत बाहेर ओढा. ती अडकली तर हळूच फिरवत काढा, पक्कड लावून हिसका देऊ नका. नळीतून ओलावा किंवा गंज आला, तर नळीलाच छिद्र पडले आहे. मग थर्मोस्टॅट नव्हे, पूर्ण कॉइल बदलावी लागते, आणि तेव्हा रबरी वायसर व मॅग्नेशियमची सळईही नवी घालावी.

7. नवी दांडी पूर्ण आत जाऊन बसली पाहिजे. केशनळी असेल तर बल्ब खोबणीच्या तळापर्यंत ढकला. नळीला तीव्र वळण देऊ नका; ती एकदा मुडपली की आतला द्रव निघून जातो आणि थर्मोस्टॅट मेला. उरलेली लांबी पेल्याच्या तोंडाएवढे वेटोळे करून टर्मिनलांपासून दूर ठेवा.

8. तारांना लग दाबून बसवा आणि स्क्रू घट्ट आवळा. तारेच्या टोकाला शिसे लावून स्क्रूखाली दाबणे चुकीचे. शिसे उष्णतेने हळूहळू दबते, जोड सैल पडतो. गिझरमध्ये प्लास्टिक वितळल्याचा वास येतो तो बहुतेक वेळा सैल स्क्रूचा असतो, विजेच्या ‘जास्त दाबाचा’ नव्हे. प्रत्येक तार हलकेच ओढून बघा.

9. तापमान 55 अंशांवर ठेवा, फार तर 60. त्याच्या वर गेले की दोन गोष्टी बिघडतात. क्षार झपाट्याने कॉइलवर बसतो, आणि 60 अंशांचे पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजते. घरात लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर हा आकडा विसरू नका.

10. झाकण लावा, पाण्याचा कॉक उघडा, गरम नळातून हवा न येता सलग धार लागेपर्यंत थांबा. मगच वीज द्या. कोरड्या टाकीत चालू झालेली कॉइल मिनिटांत जळते. पहिल्या वेळी दुसरा दिवा आपोआप बंद होईपर्यंत तिथेच थांबा आणि घड्याळ लावा.

किती वेळ लागायला हवा, याचा हिशेब सोपा. लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले 860, म्हणजे युनिट. हिवाळ्यात टाकीचे पाणी 22 अंश धरले तर 25 लिटर 55 पर्यंत नेण्यासाठी 25 × 33 ÷ 860, सुमारे 0.96 युनिट. 2 किलोवॅटच्या कॉइलला 29 मिनिटे, वर उष्णता वाया जाते ती धरून बत्तीस-तेहेतीस. 15 लिटरला साधारण वीस. तुमचा गिझर याच्या निम्म्या वेळात बंद होत असेल आणि पाणी कोमटच असेल, तर कॉइल आणि थर्मोस्टॅटची नळी यांच्यामध्ये क्षाराचा थर जमून दोघी जोडल्या गेल्या आहेत. थर्मोस्टॅटला पाण्याची नव्हे, कॉइलची ऊब लागते आहे. हा दोष नव्या थर्मोस्टॅटनेही जात नाही, टाकी उघडून क्षार काढावा लागतो. बोअरचेच पाणी वापरत असाल तर दोन वर्षांतून एकदा हे काम धरून चाला.

आता टायमर

तीन पर्याय आहेत. सॉकेटमध्ये खोचायचा चक्रीचा टायमर सर्वांत स्वस्त. त्याच्या कडेला पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 दाते असतात, हवे तेवढे दाबायचे. वीज गेली की त्याची चक्रीही थांबते. आठवड्यात दोनदा तासभर वीज गेली की पहाटे साडेपाचचे पाणी साडेसातला तापते. वायफायचे प्लग सोयीचे, पण काहींचे वेळापत्रक इंटरनेटवर अवलंबून असते. घेताना 16 अँपिअरचाच घ्या आणि वीज परत आल्यावर तो ‘बंद’ स्थितीत राहील अशी सेटिंग करा. आमचे मत तिसऱ्याच्या बाजूने आहे, डीबीत (घरातल्या एमसीबींच्या पेटीत) पट्टीवर बसणारा आठवडी डिजिटल टायमर. त्यात छोटी बॅटरी असते, वीज गेली तरी घड्याळ चालते, आणि रविवारची वेळ वेगळी ठेवता येते.

प्लगचा प्रकार कुणीही लावू शकतो, फक्त तो न्हाणीघराच्या बाहेरच्या सॉकेटला लावा; वाफ आणि शिंतोडे त्याच्या वाट्याला येता कामा नयेत. डीबीतला बदल हे मात्र परवानाधारक वायरमनचे काम. नियमांनुसार घरगुती उपकरण, स्विच किंवा फ्यूज जशास तसे बदलता येते, पण मांडणीत भर घालणे त्यात बसत नाही. तरी जोडणी समजून घेतलेली बरी, म्हणजे काम नीट झाले की नाही ते कळते.

वाट अशी : आरसीसीबी 30 मिलीअँपिअरचा, त्याच्यापुढे गिझरचा 16 अँपिअरचा दोन-पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, मग टायमर. टायमरला स्वतःचे घड्याळ चालवायला फेज आणि न्यूट्रल लागतात. याशिवाय फेजची एक तार त्याच्या ‘कॉमन’ टर्मिनलवर येते आणि ‘एनओ’वरून (टायमर चालू झाला की जोडला जाणारा संपर्क) गिझरकडे जाते. न्यूट्रल आणि अर्थ टायमरच्या संपर्कबिंदूंतून जात नाहीत, सरळ गिझरला जातात. टर्मिनलांचे क्रमांक कंपनीगणिक बदलतात. बाजूवर छापलेली आकृती पाहा. ‘एनसी’वर (एरवी जोडलेला संपर्क) तार लागली तर गिझर नेमका उलट वागतो, दिवसभर चालू आणि पहाटे बंद. तार 2.5 चौरस मिमी तांब्याची, अंतर लांब असेल तर 4. 3 किलोवॅटचा गिझर असेल तर त्याचा 13 अँपिअरचा भार टायमरवर न टाकता मध्ये 25 अँपिअरचा कॉन्टॅक्टर (मोठा भार सोसणारा, विजेने चालणारा स्विच) घालून घ्या. टायमर फक्त कॉन्टॅक्टरची छोटी कॉइल चालवतो.

टायमर बंद असला तरी तो फक्त फेज तोडतो. म्हणून पुढे कधीही गिझर उघडायचा असेल तर ‘आता टायमर बंदच आहे’ असे समजून हात घालू नका, एमसीबी पाडा.

अर्थिंगचा विषय इथेच मिटवून घ्या. फेज-अर्थ व्होल्टेज फेज-न्यूट्रलच्या जवळपास आले पाहिजे. एप्रिल-मेमध्ये आपली काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा सुकतो, आणि पावसाळ्यात ठीक असलेला आकडा तेव्हा बिघडतो. खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला, आणि तरीही आकडा सुधारला नाही तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

वेळ कशी लावायची

बहुतेक डिजिटल टायमरवर कळा सारख्याच असतात. घड्याळाची कळ दाबून धरून वार, तास आणि मिनिटांच्या कळांनी आजची वेळ लावा. मग कार्यक्रमाची कळ : पहिल्या दाबाला ‘1 ऑन’, दुसऱ्याला ‘1 ऑफ’, पुढे ‘2 ऑन’ असा क्रम जातो. प्रत्येक ऑन आणि त्याचा ऑफ यांचे वार तंतोतंत सारखे हवेत. ऑन सोमवार ते रविवार आणि ऑफ फक्त सोमवार ते शुक्रवार ठेवला, की शनिवारी चालू झालेला गिझर सोमवारी सकाळी बंद होतो. वापरायचे नाहीत ते कार्यक्रम रेघा-रेघांवर सोडा.

सर्वांत फसवणारी कळ म्हणजे मॅन्युअल. ती ऑन, ऑटो, ऑफ अशी फिरते. ऑनवरून ऑटोवर आलात तर अनेक टायमर ‘चालू’ स्थितीच पुढच्या ऑफपर्यंत धरून ठेवतात. म्हणून आधी ऑफवर जा आणि तिथून ऑटोवर या. ‘टायमर लावूनही दिवसभर गिझर चालूच राहिला’ अशा तक्रारींमागे हेच असते.

किती वेळ ठेवायचा? 55 अंशांचे पाणी 22 अंशांच्या पाण्यात मिसळून 40 अंशांची 20 लिटरची बादली भरायला सुमारे 11 लिटर गरम पाणी लागते. 25 लिटरच्या टाकीतून सलग दोन बादल्या निघतात, तिसरी कोमट. चौघांचे घर असेल तर पहिल्या आंघोळीच्या 35 मिनिटे आधी ऑन आणि शेवटच्या बादलीच्या वेळी ऑफ ठेवा, समजा 5:25 ते 7:00. मधल्या वेळात थर्मोस्टॅट स्वतःच कॉइल बंद-चालू करतो. टायमरने मिनिटे काटकसरीने कापायची गरज नाही. एकट्यादुकट्या माणसाला चाळीस मिनिटांचा एकच टप्पा पुरतो. मार्च ते जून वरच्या टाकीचे पाणी ऊन होऊनच येते, तेव्हा टायमर सरळ ऑफवर. छतावर सौरबंब असेल तर गिझरची पाळी पावसाळी ढगाळ दिवसांतच येते, मग रोजचा कार्यक्रम लावूच नका.

सोलापूरसाठी शेवटची खबरदारी पाण्याची. नळाचे पाणी काही दिवसांआड येते आणि वरची टाकी कोरडी पडणे नवे नाही. उभ्या गिझरचे गरम पाणी वरच्या टोकाकडून निघत असल्याने टाकी एरवी भरलेलीच राहते. पण येणाऱ्या नळीवर एकमार्गी व्हॉल्व्ह नसेल किंवा तो अडकला असेल, तर पाणी उलटे खाली उतरते, आणि पहाटे साडेपाचला टायमर रिकाम्या टाकीत कॉइल पेटवतो. तेव्हा समोर कुणीही नसते. टायमर लावण्याआधी वरच्या टाकीचा कॉक बंद करून खालचा थंड पाण्याचा नळ दहा मिनिटे उघडा ठेवा. आधी नळीतले पाणी येऊन धार थांबेल. त्यानंतरही कोमट पाणी येत राहिले तर व्हॉल्व्ह बदला. चांगला व्हॉल्व्ह असताना पाणी तापताना सुरक्षा व्हॉल्व्हमधून दोन-चार थेंब पडतात. वाढलेल्या पाण्याला तीच वाट असते. ते तोंड बूच लावून बंद करू नका.